नारळ यंत्राला, नोटीस सिस्टरला

एप्रिल 2021. सगळा देश ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे धावत होता आणि जिथली बदली सरकारी नोकर शिक्षा समजतात, त्या नंदुरबारमध्ये ऑक्सिजन पुरून उरत होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी 2020 मध्येच ऑक्सिजन प्लांट उभारायला घेतले होते. वाहवा झाली, व्हायलाच हवी होती. फोटो छापून आले, प्लांटचे.

फोटोत न आलेली गोष्ट म्हणजे ‘ऑक्सिजन नर्स’. तिनं खाटेखाटेवर जायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा 94 च्या वर टिकत असेल तर फ्लोमीटरची चकरी जरा मागे फिरवायची. पेशंट जेवायला बसलाय आणि मास्क उशाशी फुसफुसतोय, तर तो बंद करायचा. एवढंच. प्लांट हवेतून ऑक्सिजन गोळा करत होता, तो कुणाला किती द्यायचा हे सिस्टर ठरवत होती. इतर जिल्ह्यांनीही हा पॅटर्न उचलावा, असं राज्य सरकारनं सांगितलं. लाट ओसरली आणि लोकांच्या तोंडी प्लांट तेवढे राहिले.

आता एचडीयूचे, म्हणजे हाय डिपेंडन्सी युनिटचे दिवस आलेत. आयसीयूत ठेवण्याइतका अत्यवस्थ नाही, पण जनरल वॉर्डात सोडला तर सकाळपर्यंत नक्की होईल, असा पेशंट एचडीयूचा. दोन खाटांमागे एक सिस्टर, हा साधारण हिशेब. या हिशेबातल्या खाटा तेवढ्या टेंडर काढून येतात.

नंदुरबारचंच पाहा. मोलगी-धडगावकडून रात्री झटके येत असलेली बाळंतीण येते, चांदसैली घाटात दरड कोसळलेली नसेल तर. तिला मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध स्वस्त आणि जीव वाचवणारं, पण जास्त झालं तर श्वासच थांबवणारं. म्हणून पुढच्या डोसाआधी सिस्टरनं गुडघ्याखाली टकटक करून पाय उडतो का ते बघायचं. घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजायचे, 16 च्या खाली नकोत. लघवीच्या पिशवीत तासाला 30 मिली तरी उतरलीय का, ते पाहायचं. तिन्ही ठीक असतील तरच सुई. गुडघ्याला टकटक करणारा मॉनिटर अजून कुठल्या टेंडरात आलेला नाही.

आणि आपले चार्ट पाहा! झोपलेल्याचे श्वास 20, तापलेल्याचे 20, धापा टाकणाऱ्याचेही 20. सिस्टर आळशी आहे म्हणून नव्हे. रात्रपाळीत तीस-चाळीस खाटा एकीच्या गळ्यात पडल्या की मिनिटभर श्वास मोजायला मिनिट आणायचं कुठून?

शिक्षणाची सोय कागदावर आहे. भारतीय परिचर्या परिषदेनं 2016 च्या सुमारास अत्यवस्थ रुग्णांच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. इकडे आपली तऱ्हा अशी की एक दिवसाची कार्यशाळा, चहा-बिस्किट, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. मग शिकलेली सिस्टर पुढच्या महिन्यात ओपीडीत केसपेपर फाडताना दिसते. कंत्राटी असेल तर 11 महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा ब्रेक. हात बसतो तोवर बाई दुसरीकडे गेलेली. मे 2022 मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांचे हाल’ ही बातमी झाली. एरवी हाल होतच नाहीत जणू.

नोटीस मात्र सिस्टरला वेळेवर मिळते. 6 नोव्हेंबर 2021 ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, किमान 11 रुग्ण दगावले. अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. वायरिंगचं बिल काही त्यांनी पास केलं नव्हतं. पण चौकशीत सिस्टर पहिली सापडते, कारण ती जागेवर असते.

नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालंय, चांगलंच झालं. आता ‘दम लागतो का?’ हे पावरी, भिली, मावची बोलींत विचारू शकणाऱ्या इथल्याच मुलींना एचडीयूचं काम शिकवा, कायम ऑर्डर द्या आणि दोन-चार वर्षं त्याच खाटांजवळ राहू द्या.

आणि वाचकहो, तुमच्या गावात आयसीयू किंवा एचडीयूच्या उद्घाटनाची पत्रिका आली तर जरूर जा. भाषण संपल्यावर साहेबांना एवढंच विचारा: आज रात्री इथे सिस्टर किती आणि त्यांतल्या कायम किती?