पाडायचा खर्च आधी धरा

समुद्रातल्या पवनचक्क्या महाडजवळच्या दासगावच्या खाडीत यायच्या नाहीत. पण त्या मोडायच्या खर्चाबद्दल इथून बोलायला हवं, कारण जुनं बांधकाम वेळेत न हटवण्याची किंमत सावित्रीकाठाने मोजली आहे.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री राजेवाडीजवळचा सावित्रीवरचा 1928 सालचा पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. गढूळ पाण्यात त्या शोधायला क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडावं लागलं. शेजारी नवा पूल उभा होता, तरी जुन्यावरून वाहतूक चालूच होती. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन तो सुस्थितीत असल्याचा निर्वाळाही मिळाला होता. तो पडल्यावर मात्र 165 दिवसांत त्याच्या जागी दुसरा पूल झाला. म्हणजे पैसा होता. जुनं मोडीत काढायला तो निघाला नाही, एवढंच. दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव काढून पाण्याला वाट द्या, ही महाडकरांची मागणीही 2021 च्या पुरानंतर अशीच खर्चाच्या दारात उभी राहिली.

आता केंद्राने जून 2024 मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली आहे. गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यापुढे प्रत्येकी 500 मेगावॉट. या चक्क्यांचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं. डेन्मार्कमध्ये विंडेबीला 1991 साली समुद्रातला जगातला पहिला, 11 चक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला आणि 2017 मध्ये उतरवला. पाती खाली घ्यायची, मनोरा काढायचा, पाया पाण्याखाली फोडायचा. खोल समुद्रात यासाठी लागणाऱ्या जहाजांचं भाडं दिवसावर चढतं. वारा वाढला की काम बंद, भाडं चालूच. आणि हा सगळा खर्च येतो तेव्हा वीज विकून येणारा पैसा थांबलेला असतो, कंपनीही कदाचित दुसऱ्याच्या हातात गेलेली असते.

म्हणून पहिलं युनिट विकलं जाईल त्या दिवसापासून मोडणीचा पैसा वेगळ्या खात्यात जमला पाहिजे. कंपनीला हात लावता येणार नाही अशा खात्यात. दर पाच वर्षांनी नव्या भावाने हिशेब व्हावा, तूट कंपनीने तिथल्या तिथे भरावी. मालक बदलला तर खात्यातली रक्कम आणि जबाबदारी दोन्ही नव्या मालकाच्या नावावर चढल्याशिवाय सरकारने व्यवहाराला मान्यता देऊ नये. नाहीतर उरलेल्या खुंटांवर जाळी फाटतील ती कोळ्यांची, आणि भरपाई मागायला दारच उरलेलं नसेल.