पिसणारा उपाशी, नालवाला तुपाशी

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला गोव्याच्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. तिथे नोकरी करा, पत्ते वाटा, चिप्स मोजा. खेळायला मात्र बसायचं नाही. आमच्या महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलचा माणूस वयाची एकवीस वर्षं पुरी करून गेला की त्याला पायघड्या. घरच्या पोरांना जे वाढायचं नाही ते पाहुण्याच्या पानात आग्रह करकरून वाढायचं, असा हा पाहुणचार. तोही मांडवीच्या पात्रात. गोव्याने १९९२ साली जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं बसवू दिली आणि १९९६ साली बोटींना मोकळीक दिली. म्हणजे जमिनीवर यंत्रं, खरे पत्ते पाण्यावर. जमिनीवर जे पाप, ते पाण्यावर पर्यटन.

तुडीलहून पणजी चारेकशे किलोमीटर. वाटेत मुंबई-गोवा महामार्ग लागतो, ज्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. ‘दिलेल्या मुदतीत होणार नाही’ यावर पैसे लावून घ्यायला जगातला एकही कॅसिनो तयार होणार नाही. खेळणारा दरवेळी जिंकायला लागला तर कॅसिनो चालायचा कसा?

आता खाडीपट्ट्यातला आपला घरगुती डाव घ्या. गणपतीत रात्र जागवायची असते, आणि ती नुसत्या भजनावर जागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारापर्यंत बदाम सात आणि झब्बू. पोरंबाळं आणि आया झोपल्या की चटई ओटीच्या कोपऱ्यात सरकते आणि तीन पत्ती सुरू होते. बूट टाकला, कोणी ब्लाइंड आहे, कोणी पत्ते बघून चाल देतोय, कोणी शेजाऱ्याला साइड शो मागतोय, एखादे काका पॅक करून पानाचा डबा ओढतात. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० तऱ्हांनी येऊ शकतात. त्यातल्या १६,४४० वेळा हातात काहीही नसतं, पेअरसुद्धा नाही. चारांतले तीन हात फुसके! काकांचा चेहरा मात्र दर हाताला तीन एक्के आल्यासारखा. हा खेळ पत्त्यांचा कमी आणि चेहऱ्यांचा जास्त आहे.

गंमत पुढेच आहे. तीन सारखे पत्ते, म्हणजे ट्रेल, सगळ्यांत मोठी, असं आपण लहानपणापासून मानत आलो. मोजून पाहा. ट्रेल ५२ तऱ्हांनी लागते. प्युअर सिक्वेन्स ४८ तऱ्हांनीच लागते. जी चीज जास्त दुर्मीळ ती खाली, जी जरा सोपी ती वर. इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या खेळात हाच उलटा क्रम होता, तो आपण राज्यकारभारासकट उचलला आणि आजवर कोणी तक्रार केली नाही. तक्रार कॅसिनोवाल्यांनीही केली नाही, त्यांनी गणित केलं. १९९० च्या दशकात परदेशी कॅसिनोंत ‘थ्री कार्ड पोकर’ आला, त्यात प्युअर सिक्वेन्स मुकाट्याने पहिल्या नंबरावर बसवली गेली. आपण ज्या खेळात भावाशी भांडतो, तो खेळ त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन तपासला. फरक काय तो इथेच.

आणि दुसरा फरक नालीचा. ओटीवरच्या डावात कोणी नाल काढत नाही. एकाचे गेलेले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात, दुसरा त्याच चटईवर असतो, आणि सकाळी तोच आरतीला शेजारी उभा असतो. चाकरमान्याचा बोनस फार तर वरच्या वाडीतून खालच्या वाडीत जातो. अड्डा चालवणारा मात्र पत्त्यांना हात न लावता दर डावामागे आपला वाटा, म्हणजेच नाल, काढतो. कॅसिनो हा असाच अड्डा, फक्त वातानुकूलित. त्याची नाल डोळ्यांना दिसत नाही, कारण ती नियमातच शिवलेली असते.

अंदर-बाहर पाहा, म्हणजे कळेल. एक पत्ता जोकर म्हणून काढायचा, दोन बाजूंना आळीपाळीने पत्ते टाकायचे, जोकरचा जोडीदार जिकडे पडेल ती बाजू जिंकली. दिसायला निम्मे-निम्मे. पण ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकते. गावच्या अड्ड्यावर हे कोणी मोजत नाही. बोटीवर ते मोजलेलं असतं: त्या बाजूला लागलं तर रुपयाला नव्वद पैसेच मिळण्याचा रिवाज. दुसऱ्या बाजूला पुरता रुपया मिळतो, पण ती जिंकते साडेअठ्ठेचाळीस वेळा. डावीकडे बसा की उजवीकडे, शेकडा दोन-तीन रुपये अलगद निघतात.

ब्लॅकजॅकची चाल याहून सुंदर. तुम्ही आणि डीलर, दोघांनी एकवीसच्या जवळ जायचं, पुढे गेलं की फुटलं. नियम अगदी सारखेच वाटतात. फक्त आधी तुम्ही खेळायचं. तुम्ही फुटलात की चिप्स तिथेच उचलल्या जातात. मागून डीलरही फुटला तर? फुटो बापडा, तुमचे परत मिळत नाहीत. सगळा धंदा या ‘आधी तुम्ही’वर उभा आहे. कोकणी माणूस ‘आधी तुम्ही’ म्हटलं की भारावून जातो, त्यामुळे आपलं तर विचारूच नका.

तरी पुस्तकाबरहुकूम खेळलं तर इथे घराचा वाटा शेकडा अर्ध्या रुपयाच्या आसपास राहतो. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ साली ‘बीट द डीलर’ लिहून दाखवून दिलं की, गेलेले पत्ते ध्यानात ठेवले तर हा अर्धा रुपयाही उलटा फिरवता येतो. कॅसिनोंनी प्रोफेसरांशी वाद घातला नाही. एका कॅटच्या जागी सहा-आठ कॅट एकत्र पिसायला घेतले. पुढे बऱ्याच टेबलांवरची पाटीही बदलली. एक्का आणि चित्र असं पहिल्याच फटक्यात एकवीस आलं की शंभराला दीडशे मिळायचे, तिथे एकशे वीस द्यायला लागले. पाटीवर ‘६:५’ असं छापलेलं असतं. दोनच आकडे, पण तेवढ्यानं घराची नाल तिपटीच्या वर जाते. सात-बाराचा उतारा बारकाईने वाचणारा आपला माणूस ही पाटी वाचत नाही.

तुडीलचा एखादा हुशार पुतण्या यावर म्हणेल, “काका, हरलं की दुप्पट लावायचे. एकदा तरी लागणारच ना!” लागेल की. शंभरापासून सुरुवात केलीस आणि सहा हात ओळीने गेले तर ६,३०० गेले, आणि सातव्या हाताला ६,४०० मांडायचे, कशासाठी, तर शंभर रुपये जिंकण्यासाठी. शिवाय टेबलावर कमाल रकमेची मर्यादा लिहिलेली असते, ती नेमकी तुझ्यासारख्या हुशारांसाठीच.

तरीही म्हणेन, कॅसिनो निदान प्रामाणिक आहे. बॅकरा या खेळात ‘बँकर’वर लावलंत तर तो शेकडा १.०६ रुपये घेतो, ‘प्लेयर’वर १.२४. ‘टाय’वर लावलंत तर चौदा रुपये घेतो, पण टायवर लावणाऱ्याला देवसुद्धा वाचवत नाही. हजार-हजाराचे साठ हात एका तासात बँकरवर खेळलात तर सरासरी साडेसहाशेच्या आत जातात. बोटीवरचं जेवण धरलं तर फार महाग नाही.

महाग आहे ते बोटीवर चढणं. चिप्सच्या दर्शनी किमतीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. कॅसिनो एक रुपया मिळवायला झुंबर लावतो, सूट-बूट घातलेला डीलर उभा करतो, बिर्याणी खाऊ घालतो. सरकार पत्ता न पिसता दारातच चाळीस घेतं. त्यातूनही तुम्ही जिंकलात तर जिंकलेल्यावर ३० टक्के आयकर. हरलेलं त्यातून वजा करता येत नाही. बॅकरातला ‘टाय’ याच्यापुढे धर्मादाय वाटावा.

महाराष्ट्राने हा डाव वेगळ्या पद्धतीने खेळला. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवण्याचा कायदा आपल्या विधिमंडळाने मंजूर केला, पण तो अंमलात कधी आणायचा ती तारीख काही काढली नाही. सत्तेचाळीस वर्षं ब्लाइंड! या काळात कितीतरी सरकारं येऊन गेली, एकानेही पत्ते उचलून पाहिले नाहीत आणि एकानेही टाकले नाहीत. शेवटी २०२३ साली कायदा रद्द करून पॅक केलं. एवढा लांब ब्लाइंड खेळणारा आमच्या तालुक्यात नाही.

रमीचं प्रकरण आणखी नाजूक. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवलंय की, रमीला कौशल्य लागतं, पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात. तीन पत्ती म्हणजे निव्वळ नशीब. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. ते मान्य करू. पण महिना सरता सरता त्यांचं कृषी खातं गेलं आणि हातात क्रीडा खातं आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं इतकं चोख पालन क्वचितच झालं असेल. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशावरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, कौशल्य असो वा नशीब.

ओटीवरचा डाव पिंपळाच्या पारावर आला की मात्र १८८७ चा जुगारबंदीचा कायदा लागतो. शिपाई येतो, चटई, कॅट आणि चारदोनशे रुपये पंचनाम्यात जातात. त्याच गणपतीत महाडच्या बाजारात लॉटरीचं तिकीट मागा, मिळेल. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकारच चालवतं, आणि सणासुदीला तिची भव्यतम सोडत निघते.