धार बघा, धार!

आमच्या मामांबरोबर कोणाकडे जायचं म्हणजे जिवाला घोर. यजमान पाणी आणतात. मामा जग उचलून पेला भरतात, मग जगाच्या तोंडाखाली बोट फिरवतात आणि ते ओलं बोट सगळ्यांना दाखवतात. "गळतोय." घरच्या बाईंचा चेहरा असा पडतो की मामांनी जणू मुलाचे दहावीचे मार्क विचारले!

पिंपरीत टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढल्याचा हा परिणाम. मागे धाकट्या मावसभावासाठी मुलगी बघायला गेलो. सगळे मुलीकडे बघत होते, मामा किटलीकडे. शेवटचा थेंब चोचीवरून ओघळतो की मागे फिरतो, हे त्यांनी श्वास रोखून पाहिलं आणि जिना उतरताना निकाल दिला, "स्थळ उत्तम. धार कशी चटकन तुटली!" पुढे मुलीकडून नकार आला. मामा हळहळले ते किटलीसाठी.

मामांचं दैवत म्हणजे तांब्या. "मान धर," म्हणाले. धरली. "बोटं आपोआप बसली ना? काठ बाहेर वळलाय, म्हणून हात निसटत नाही. भार सगळा पोटात, म्हणून कलंडत नाही. वर भांडं उपडं घातलं की झाकण वेगळं नको." मग ठरलेली कथा. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं, हिंडलं, आणि १९५८ च्या अहवालात त्यांनी लोट्यावरून जीव ओवाळून टाकला. त्या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. लोटा कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, हे त्यांना उमगलं. "अमेरिकेहून आलेल्यांना कळलं," मामा म्हणतात, "तू रोज त्यातूनच पाणी पितोस!"

आता मीही बिघडलोय. परवा एका बँकेच्या काचेच्या दाराला ओढायची मूठ आणि वर पाटी 'ढकला'. मी ओढलं. माझ्यामागच्या आजोबांनीही ओढलं असतं, याची मला खात्री आहे. मामांना सांगितलं, तर ते खूश. "ज्या दाराला पाटी लावावी लागते, ते दार नापास!"

हे ऐकलं ते त्यांच्याच दिवाणखान्यात, घामाने निथळत. भिंतीवर त्यांनी स्वतः निवडलेला बोर्ड होता, एकसारखी आठ बटणं ओळीने. मी पंखा लावायला गेलो. बाहेरचा दिवा लागला, मग टीव्ही गेला, मग स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "अरे, टिकलीवालं दाब!"

पाचव्या बटणावर लाल टिकली होती. पंखा फिरला.

"मामा," मी म्हटलं, "ही पाटीच झाली की."

मामा उठले, चष्मा चढवून बोर्डापाशी गेले, बराच वेळ बघत राहिले.

"मध्यावर नाही लावलेली," म्हणाले.