आवडतं म्हणता, मग घेत का नाही?

सावंतवाडीत कुणालाही गावाबद्दल विचारा, यादी तोंडपाठ मिळते. चितारआळी, राजवाडा, मोती तलाव, आठवडा बाजार, सोनुर्लीची जत्रा, आंबोलीचा धबधबा. वाडीत राहणारा हीच यादी सांगतो आणि लालबाग-परळचा चाकरमानीही हीच सांगतो. यादी बिनचूक आहे. माझं भांडण यादीशी नाही. यादी सांगितली की आपलं कर्तव्य संपलं, असं मानणाऱ्यांशी आहे.

म्हणून या आठवड्यात सरळ प्रश्न. चतुर्थीला घरी आलात, तेव्हा चितारआळीतून काय घेतलंत? दशावतार संकासुरापासून दहीकाल्यापर्यंत बसून शेवटचा कधी पाहिलात? आंबोलीला जाऊन आलात, तर तिथल्या माणसाच्या हातात चार पैसे ठेवलेत की रस्त्याकडेला चार बाटल्या?

चितारआळीपासून सुरुवात करू. वाडीची लाकडी फळं महाराष्ट्रभर माहीत आहेत. आंबा, केळं, सीताफळ, वांगं, कारलं; लांबून पाहिलं तर सुरी घेऊन कापायला बसावं असा रंग. कित्येक घरांत एका पिढीची भातुकली, पांगुळगाडा आणि लग्नाचे पाट याच आळीतून गेले. या खेळण्यांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचं लाकूड वापरलं गेलं, कारण ते हलकं असतं आणि कोरायला सोपं. ठोकळा तासायचा, कातायचा, घासायचा, मग रंग चढवायचा. प्रत्येक टप्प्यावर माणसाचा हात लागतो. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या झाल्या, अभिनंदनाचे फलक लागले.

पण मानांकन खेळणं विकत घेत नाही, माणूस घेतो. मानांकनाने आपल्या हाती एकच गोष्ट दिली आहे: ‘हे इथे बनलं का?’ असं विचारायचा हक्क. तो वापरा. दुकानात वाडीच्या मालाशेजारी बाहेरून आणलेला माल मांडला असेल, तर न लाजता विचारा. दुकानदार प्रामाणिकपणे सांगेल. गिऱ्हाइकाने विचारलंच नाही, तर वाडीचा माल मागच्या फळीवर जाईल आणि कारागिराचा मुलगा गोव्यात नोकरी शोधेल. त्यात त्या मुलाचा काही दोष नसेल.

आता जरा गावातल्या मोठ्या माणसांकडे वळतो. वाडीत सत्कारांना तोटा नाही. पतसंस्था, बँका, शाळा, मंडळं, नगरपरिषद. दर पंधरा दिवसांनी कुठेतरी शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. ते स्मृतिचिन्ह कुठून येतं? बहुतेक वेळा कुठल्यातरी कारखान्यातून, काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, खाली नावाची पट्टी चिकटवलेलं. अर्ध्या किलोमीटरवर लाकूड कोरणारे हात असताना ही खरेदी बाहेर का होते? कारागिरांवर भाषण करून त्याच व्यासपीठावर बाहेरचा चषक देणं हा त्यांचा अपमान आहे. हे थांबवायला सरकारी योजना लागत नाही. संस्थेच्या सभेत एक ठराव पुरतो: यापुढे स्मृतिचिन्ह चितारआळीतूनच.

गंजिफाची गोष्ट तर सगळ्यांनी पाठ करावी अशी आहे. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. जुन्या रीतीत कापडावर चिंचोक्याची खळ चढवायची, घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला वाडीतून जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कलाकाराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम उभं केलं. आज दरबार हॉलमध्ये पानं रंगवणारे कलाकार आपल्याला दिसतात ते त्यामुळे.

यात धडा स्पष्ट आहे. गंजिफा कौतुकाच्या लेखांनी वाचली नाही. कुणीतरी खाली बसून शिकलं, कुणीतरी शिकवलं आणि कुणीतरी पैसे मोजून पान घेतलं. आपल्यातल्या बहुतेकांना शिकणं जमणार नाही. विकत घेणं जमेल. अख्खा संच परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या. पण कलाकाराच्या हाताचा जवळून व्हिडिओ काढायचा आणि मान वळवून चालू पडायचं, हे बरं नव्हे.

यावर काही जण म्हणतील, पर्यटक वाढू द्या, मग सगळं आपोआप होईल. होणार नाही. वाडीचा नकाशा बदलला आहे. झाराप-पत्रादेवी रस्ता झाल्यापासून मुंबई-गोवा महामार्ग गावाच्या बाहेरून जातो. रेल्वेचं सावंतवाडी रोड स्थानक मळगावला आहे. मोपाच्या विमानतळावर उतरलेला बाहेर पडून किनाऱ्याकडे वळतो. पूर्वी गोव्याला जाणारी गाडी तलावाकाठून जायची, माणूस चहाला उतरायचा आणि मुलीसाठी बाहुली घ्यायचा. आता वाडीत येतो तो मुद्दाम येतो. अशा गावाचं पहिलं गिऱ्हाईक गावानेच व्हायला हवं. आपणच घेत नसू तर बाहेरच्याने का घ्यावं?

आठवडा बाजारही या हिशेबात येतो. पहिल्या एसटीने आसपासच्या गावांतून पाट्या उतरतात. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, आगळ, गावठी वाल. उन्हाळ्यात ओले काजूगर आणि कापा फणस, पावसात टाकळा आणि अळंबी. ज्या बाईने पहाटे उठून रानातून टाकळा खुडला, तिच्याशी दहा रुपयांसाठी आपण पाच मिनिटं वाद घालतो. ‘कमी कर गो’ म्हणताना आपला आवाज किती चढतो! पुढच्या दुकानात छापील किमतीची कुरकुरीत पाकिटं मुकाट्याने घेतो. हा व्यवहार सुधारा. तिने सांगितलेला भाव द्या. ती बाजारात यायची थांबली, तर टाकळा कुठे उगवतो आणि कोणती अळंबी खायची, हे ज्ञानही तिच्याबरोबर घरी बसेल.

चतुर्थीच्या आदल्या दिवसांत तर हा बाजार बघावा. माटवीचं सामान येतं: कवंडळं, हरणं, शेरवडं, कांगणी, तेरडा, सुपारीची शिपटी. गणपतीच्या डोक्यावर आपण आपलं रान टांगतो. कोकणाइतकी सुंदर आरास मला दुसरीकडे दिसलेली नाही. आणि तिथेच हल्ली प्लॅस्टिकची फुलं आणि चमकीची तोरणं चढू लागली आहेत. कारण विचारलं तर म्हणतात, सामान मिळत नाही. मग पुढचा प्रश्न का विचारत नाही? का मिळत नाही?

मिळत नाही, कारण ज्या सड्यावर हरणं फुलायची तो खणला जातो. ज्या डोंगरात कवंडळाचा वेल चढायचा तो एकाच पिकाच्या लागवडीसाठी साफ होतो. दोडामार्गाकडे रबरासाठी किती जंगल तुटलं, ते त्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. त्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानटी जायफळाची दलदल आहे, मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात ती. महाराष्ट्रात अशी जागा सापडल्याचं अभ्यासकांनाही नवल वाटलं. ती कुंपण घालून राखलेली नव्हती. गावकऱ्यांनी ती देवाची राई म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली, झाडाला कुऱ्हाड लावली नाही.

त्या राईवरून जत्रेकडे येतो, कारण आपल्याकडे ग्रामदैवत, राई आणि जत्रा वेगळी काढता येत नाहीत. दिवाळी सरली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेला लोटांगण घालणाऱ्यांची गर्दी होते. वाटेवर खाजा आणि खडखडे लाडू विकणाऱ्यांच्या रांगा. आणि रात्री देवळासमोर दशावतार.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये ‘दशावतार’ चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचं काम पाहून महाराष्ट्र हेलावला. आमच्याकडच्या मंडळींनी अभिमानाने पोस्ट टाकल्या, दोनदा तिकिटं काढली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. आता पुढचं पाऊल टाका. पडद्यावर जो कलाकार पाहून डोळे भरले, तो जत्रेत प्रत्यक्ष उभा असतो. स्वतःच्या हाताने रंग चढवतो, पुरुष असून स्त्रीपात्राचा तोल रात्रभर सांभाळतो, लिहिलेली संहिता नसताना आख्यानावर तासन्‌तास संवाद बोलतो. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर अख्खी रात्र उभी राहते. पहाटे दहीकाला होतो. हे सगळं आपल्या गावच्या देवळात, तिकिटाशिवाय.

आणि आपण काय करतो? देवीची ओटी भरली, खाजा घेतला, संकासुराचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला, अकरा वाजता गाडी फिरवली. समोर रिकाम्या खुर्च्या पाहत कलाकाराने पहाटेपर्यंत का लढावं? जत्रेला जाल तर आख्यान संपेपर्यंत बसा. मुलांना सोबत घ्या, पेंगली तर मांडीवर निजवा. कोकणातल्या कित्येक पिढ्या तशाच दशावतार शिकल्या. राजाचा प्रवेश आवडला तर बक्षीस द्या. नाट्यमंडळाला सुपारी देताना गावाने हात आखडू नये. डीजेला जेवढे पैसे वर्गणीतून जातात, तेवढे तरी दशावताराच्या पेटाऱ्याच्या वाट्याला यावेत.

शेवटी आंबोली. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव म्हणजे केवळ एक धबधबा नव्हे. आंबोली टोड हा बेडूक जगात या परिसरात आणि मोजक्या जागी आहे. हिरण्यकेशीच्या देवळातल्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली. नदीच्या नावावरून तिला शिस्टुरा हिरण्यकेशी म्हणतात. २०२१ मध्ये ती जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. एवढ्याशा जागेत पृथ्वीवरची एक जात राहते. तिच्या शेजारी साबण लावून अंघोळ करायची हिंमत माणसाला कुठून येते?

जुलैच्या शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यावर जे चालतं, त्याला पर्यटन म्हणू नका. रस्त्यात गाड्या, गाण्यांचा दणदणाट, बाटल्यांच्या काचा, माकडांना वेफर्स. पाण्याचा आवाज ऐकायला आलेला माणूस पाण्याचा आवाज सोडून सगळं ऐकतो. यात बाहेरचेच असतात असं सांगून हात झटकू नका, वाडी-कुडाळच्या गाड्याही त्या रांगेत असतात. आंबोलीला रात्री या. गावातल्या घरी राहा, गावातल्या वाटाड्याबरोबर टॉर्च घेऊन पावसात फिरा. तो झाडावरचा बेडूक दाखवेल, चापडा साप दाखवेल, आवाजावरून बेडकाची जात सांगेल. त्याला योग्य मोबदला द्या. जंगल उभं राहिल्याने ज्याच्या घरी चूल पेटते, तो माणूस जंगलाचा सर्वांत भक्कम राखणदार होतो.

एव्हाना ध्यानात आलं असेल की ही यादी मुळात यादीच नाही. पांगारा रानातला, खेळणं आळीतलं. हरणं सड्यावरची, माटवी देवघरातली, विकणारी बाई बाजारातली. राई देवाची, जत्रा देवाची, नाटक जत्रेतलं, आणि त्या नाटकाचे दहा अवतार गंजिफाच्या पानांवर. रान गेलं की माटवी जाते, बाजार ओस पडला की रान ओळखणारी माणसं जातात, जत्रेत कुणी बसलं नाही की दशावतार फक्त चित्रपटात उरतो. एकाला राखायचं तर सगळ्यांना राखावं लागतं.

त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. सत्काराचं स्मृतिचिन्ह आळीतून घ्या. नातवाच्या वाढदिवसाला लाकडी बैलगाडी द्या. बाजारात सांगितला भाव द्या. वर्षात एक जत्रा पहाटेपर्यंत पाहा. आंबोलीला एक रात्र मुक्काम करा आणि आपला कचरा परत घेऊन या. सडा खणण्याचा किंवा डोंगर विकण्याचा विषय ग्रामसभेत आला, तर त्या दिवशी घरी बसू नका. हात वर करा आणि ‘नको’ म्हणा.

वाडीला चाहते पुष्कळ आहेत. तिला गिऱ्हाईक हवं आहे, प्रेक्षक हवा आहे आणि ग्रामसभेत वर जाणारा हात हवा आहे. तीनही आपल्याकडे आहेत.