सापवाले मामा

गारखेडा परिसरात पावसाळा लागल्याची पहिली खबर सापवाल्या मामांच्या मोबाइलला लागते. एक दणकून सर आली, बिळांत पाणी शिरलं, की सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत कुणाच्या तरी मोरीत, पार्किंगमध्ये नाहीतर चपलांच्या रॅकखाली काहीतरी वळवळतं आणि मामांचा फोन वाजतो. मामा फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. "हात लावू नका, फोटो पाठवा," म्हणतात. एकदा पलीकडे गॅसवाला होता. त्याने बिचाऱ्याने सिलिंडरचा फोटो पाठवला.

असा एक मामा, काका नाहीतर भाऊ आपल्याकडे प्रत्येक वस्तीत असतो. कागदोपत्री तो सर्पमित्र. पोटापाण्याचा धंदा निराळाच, कुणी वायरमन, कुणी झेरॉक्सवाला. आमच्या मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. अर्धं शटर खाली आणि स्कूटर गायब असली की शेतकरी गिऱ्हाईक ओळखतं, कुठेतरी साप निघाला. पंपाची मोटार मांडीवर घेऊन ते पायरीवर बसतं आणि मनातल्या मनात सापाला शिव्या देतं. मामांना देत नाही, कारण कधीतरी आपल्याही गोठ्यात निघणार आहे.

सामानसुमान बेताचं. दुकानातच सळई वाकवून केलेला हुक, एक टॉर्च, मामींची जुनी उशीची खोळ आणि बिस्किटांची मोठी बरणी, तिच्या झाकणाला तापल्या सुईने पाडलेली भोकं. साप पकडला की वन विभागाला कळवायचं आणि तो लवकरात लवकर त्याच्या जागेत सोडायचा, हा नियम. मामींचा नियम याहून कडक. बरणी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही आणि साप घरात मुक्काम करणार नाही. सरकारच्या नियमात एखाद वेळी उशीर चालून जातो.

मामांचा मोठा दोष म्हणजे साप पकडून ते गप घरी जात नाहीत. "साप उगाच येत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. मग तो का आला याचा तपास सुरू होतो. फ्रिजमागे टॉर्च मारतात, ओट्याखाली वाकतात, आणि जमलेल्या अख्ख्या मजल्यासमोर जाहीर करतात, "वहिनी, उंदीर फार झालेत तुमच्याकडे." साप निघाल्याची लाज कुणाला वाटत नाही. उंदरांची वाटते.

गजानन महाराज मंदिराजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखतचा. बाथरूममध्ये गिझरच्या पाइपाला गुंडाळून दीड फुटाचा तपकिरी साप, अंगावर पांढरट पट्टे. जिन्यात चार पुरुष आणि चौघांचंही मत एकच, मण्यार. वॉचमनच्या हातात काठी. मामा आले, चप्पल काढली आणि आधी वॉचमनला खाली पाठवलं. "साप एका जागी आहे. काठीचा भरवसा नाही." मग दारातूनच टॉर्च मारून त्यांनी वर्ग घेतला. "बघा. मण्यारीचे पट्टे बारीक, जोडीजोडीने. मानेजवळ पुसट नाहीतर नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात. याचे मानेपासून सुरू झाले आणि शेपटीकडे विरून गेले. हा कवड्या. बिनविषारी. पाली खायला आलाय." खात्री शंभर टक्के, तरी हाताने नाही, हुकानेच उचलला. हुकावर त्याने दोन हिसके दिले आणि बरणीत जाऊन कोपऱ्यात डोकं खुपसून बसला.

"पण मामा, दुसऱ्या मजल्यावर चढला कसा?"

"भिंतीवरून. लिफ्ट बंद आहे ना तुमची."

निघताना एक पाठांतर करून घेतात. चावलं तर काय? घाटी. मांत्रिक? नाही. ब्लेड, आवळून दोरी, तोंडाने चोखणं? नाही. मग? घाटी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष घाटीसारख्या सरकारी दवाखान्यात असतं, हे पहिलीतल्या पोराला म्हणता येईस्तोवर मामा चहाच्या कपाला हात लावत नाहीत. चहा गार होतो. मग गार झाला म्हणून कुरकुरतात.

नागपंचमी हा त्यांच्या रक्तदाबाचा दिवस. साप दूध पीत नाही, गारुड्याने उपाशीतापाशी ठेवलेला असतो म्हणून तोंड बुडवतो, हे ते दारोदार सांगत फिरतात. बायका "हो का?" म्हणतात आणि वाटी पुढे सरकवतात. बत्तीस शिराळ्यात शतकांची रीत असूनही जिवंत नागांच्या पूजेला हायकोर्टाने लगाम घातला, हे ते अशा थाटात सांगतात की निकाल यांनीच लिहिला असावा.

पण मामा खरे खुलतात ते पोरं विचारायला आली की. हल्ली दर सुट्टीत एखादं तरी येतं. मोबाइलवर कुणी परदेशी पोरगा पिवळा अजगर गळ्यात घालून नाश्ता करताना पाहिलेला असतो. दुकानाच्या पायरीशी घुटमळत ते विचारतं, "मामा, पाळायला पहिला साप कोणता घ्यावा?"

मामा हातातली तार खाली ठेवतात. "बस. घरी कोण कोण आहे?"

ही मुलाखत सुरू झाली की मी हातातलं काम टाकून ऐकतो. आधी कायदा. "आपल्या इथला एकही नाही. नाग नाही, धामण नाही, अजगर नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. मांडूळ तर नाहीच. शेपूट बोथट म्हणून दोन तोंडं म्हणतात आणि गुप्तधनाच्या नादात बिचाऱ्याचा बाजार मांडतात. कुणी मांडूळ दाखवला तर सरळ मला फोन कर."

मग परदेशी. मामांनी एकही साप आयुष्यात पाळलेला नाही, पण माहिती तोंडपाठ. नवख्या माणसाला बहुतेक जाणकार अमेरिकेतला कॉर्न स्नेक सुचवतात. बिनविषारी, स्वभावाने गरीब, चार-पाच फुटांवर थांबतो, खायला नखरे कमी. फक्त झाकण जरा सैल राहिलं की पसार. दुसरा बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतला. तो आणखी शांत, घाबरला की गुंडाळी करून डोकं आत घेतो. पोराचे डोळे चमकतात. तेवढ्यासाठीच मामा थांबलेले असतात.

"बॉल पायथनची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते, २०२४ पासून नियम आहेत. विकणारा कागद देतो का? कागद नको, कमी करून देतो म्हणाला तर समज, चोरून आणलेला माल. बरं, तुझं वय? अठरा. हा वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. म्हणजे तुझं लग्न होईल, तुझं पोरगं शाळेत जाईल, तरी हा आहेच. मुलगी बघायला जाशील तेव्हा याचं आधी सांगशील का नंतर?"

पोरगं हसतं.

"खातो काय? उंदीर. अख्खा. गोठवलेले आणून ठेवायचे, गरम पाण्यात सोडून नरम करायचे आणि चिमट्याने द्यायचे. फ्रिज कुणाचा?"

"आईचा."

"मटाराच्या पाकिटाशेजारी ठेवणार? आईला विचारून ये."

निम्मी पोरं इथे गळतात. जे टिकतं त्याला तापमान. पेटीची एक बाजू तीस-एकतीस अंश, दुसरी त्याहून थंड, मध्ये लपायला जागा, पाण्याचं भांडं. थंड देशात त्यासाठी हीटर लावतात. "आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस. त्याला कूलर घेशील? कूलरला पाणी कुठलं? नळ आठवड्याने येतो."

एक चुणचुणीत पोरगा म्हणाला होता, "मामा, तो जेवतोही आठवड्यानेच."

"मग दोघं मिळून नळाची वाट बघा."

शेवटची परीक्षा सिद्धार्थ उद्यानात. "सर्पालयात जा, एका काचेसमोर तासभर उभा राहा. काय काय करतो ते लिहून आण." पोरगं पडल्या चेहऱ्याने परत येतं. "मामा, त्याने काहीच नाही केलं."

"हां. तो तुला ओळखणार नाही, हाक मारली तर येणार नाही, मनात आलं तर दोन-दोन महिने जेवणार नाही. शेपूट हलवली तर लाडात नाही, चिडलाय. चालेल?" आणि मग पोराच्या खांद्यावर हात ठेवून, "साप बघायचाय ना? पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर सात फुटी धामण आहे. सकाळी नऊ-दहाला उन्हात येते. लांबून बघत जा. उंदीर तिचे ती आणते."

त्या प्लॉटवर एकदा दोन धामणी एकमेकींना पीळ घालून हातभर उभ्या राहिल्या होत्या. अशा जोडीवर कापड टाकून ते घरात ठेवलं की लक्ष्मी येते, म्हणून आमच्या लेनमधून उपरणी, टॉवेल, कुणाची तरी नवी पैठणी इथपर्यंत सगळं निघालं. मामा कुंपणावर उभे राहून ओरडत होते, "अहो, जोडपं नाही ते! दोन नर आहेत, कुस्ती चाललीय!" कुणी ऐकलं नाही. पैठणी काट्यांत फाटली. ती लक्ष्मी नेमकी कुणाच्या घरातून गेली, यावर त्या घरात अजून बोलणं होतं.

मामांना राग येतो तो फक्त नागाचा मुका घेऊन व्हिडिओ टाकणाऱ्यांचा. "हा मित्र? मित्राला असं लटकवतात?" त्यांचं दैवत पुण्याचे निलीमकुमार खैरे. १९८० साली खैरे ७२ विषारी सापांच्या सोबतीने ७२ तास बसले होते, ते साप उगाच चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून, ही गोष्ट मामा कोणत्याही विषयावरून काढू शकतात. बारशात काढलेली मी ऐकली आहे. मामी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "त्यांनी ७२ तासांत आवरलं. आमचं तीस वर्षं चालू आहे."

२०२५ मध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा झाली, तेव्हा मी पेढे मागितले. मामा म्हणाले, "विमा मेल्यावर. पेट्रोल जिवंतपणी लागतं."

गेल्या पावसाळ्याआधी मात्र पायरीवर पोरगं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेले एक नाना आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खालच्या आवाजात म्हणाले, "एखादा लहान, शांत साप असतो का हो? कुत्र्याला फिरवणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही."

"घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही. मुलगा पुण्याला असतो."

मामांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. तार गुंडाळली, पुन्हा सोडली. मग म्हणाले, "साप राहू द्या. रात्री मला टॉर्च धरायला माणूस लागतो. स्कूटरवर मागे बसता येईल ना?"

आता नाना बसतात. मांडीवर बरणी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत रजिस्टर. बँकेतला माणूस, टॉर्चवर भागेना. लाल रेघा मारून रकाने आखले आहेत: तारीख, ठिकाण, जात, कुठे सोडला, वन विभागाला कळवल्याची वेळ. मामा वैतागतात, "साप खोळीत, मी चिखलात, आणि हे विचारतात कॉलनीचा पिनकोड काय." पण लांबीचे दोन रकाने कुणाच्या डोक्यातून निघाले, ते दोघंही एकमेकांवर ढकलतात. पहिल्यात 'घरच्यांच्या सांगण्यानुसार', दुसऱ्यात 'प्रत्यक्ष'. परवाची नोंद मी वाचली: तस्कर, सात फूट, दोन फूट चार इंच. शेजारी नानांची सही.