सिल्व्हर मेंबर, मुक्काम पोस्ट सांडोर

मी एकनिष्ठ माणूस आहे. हे माझं म्हणणं नाही, आणि माझ्या बायकोचं तर नाहीच नाही. वसईतल्या आमच्या सांडोरपासून जवळच रस्त्याला लागून एक मोठं, थंडगार सुपरमार्केट आहे. त्याच्या कॉम्प्युटरचं हे मत आहे. त्याने मला ‘सिल्व्हर मेंबर’ हा किताब बहाल केला आहे. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण माझे थोडे पॉइंट अजून तिथे अडकलेले आहेत.

सुरुवात काउंटरवरच्या मुलीने केली.

“सर, मेंबर आहात?”

“कशाचा?” मी विचारलं. प्रश्न रास्त होता. वसईत माणूस जन्माला येतो तोच कशाचा ना कशाचा सभासद म्हणून. पॅरिशचा झाला की पतपेढीचा, पतपेढीचा झाला की बँकेचा. पापडीला मुख्य कचेरी असलेली बॅसीन कॅथॉलिक बँक 1918 ची. तिचे शेअर आमच्या तीन पिढ्यांनी धरून ठेवलेत. सभासद व्हायचं म्हणजे अर्ज, फोटो, ओळख देणारा जुना सभासद, हे मला ठाऊक होतं. इथे तसलं काही नव्हतं. “फ्री आहे सर. फक्त मोबाइल नंबर सांगा.”

मी सांगितला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात दहाही आकडे उच्चारले, आणि शेवटच्या बाकाच्या जागी तिथे भरगच्च रांग होती. मग जन्मतारीख. मग लग्नाची तारीख. ती मला चटकन आठवेना, तेव्हा मागे ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या आंटी म्हणाल्या, “मे महिना, सर. माझ्या हातावर सरबत सांडलं होतं, मला चांगलं आठवतंय.” तारीखही त्यांनीच सांगितली. मुलीने ती लिहून घेतली.

नियम सोपा होता. शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट, आणि चार पॉइंटांचा एक रुपया. आता मी गणिताचा मास्तर. ‘शेकडेवारी’ हा धडा मी इतक्या मुलांना शिकवला आहे की सांडोर, पापडी, गिरीज भागात भाजीवालीसुद्धा मला हिशेब चुकवून दाखवायला कचरते. चारशे रुपयांच्या मालावर एक रुपया सूट, तर शेकडा सूट किती? पाव टक्का. सातवीतलं पोर तोंडी सांगेल. बाजारात एखाद्याने चारशेच्या मालावर रुपया कमी केला असता तर तो मी त्याला परत देऊन वर चार शब्द ऐकवले असते.

पण ती मुलगी ‘रुपया’ म्हणालीच नाही. ती म्हणाली, “सर, तुम्हाला चौदा मिळाले.” घोटाळा तिथे झाला. मास्तर जन्मभर दुसऱ्यांना गुण वाटत असतो. त्याला स्वतःला कुणी गुण देत नाही. निवृत्तीनंतर तर कुणी वहीसुद्धा तपासायला आणत नाही. अशा माणसाला एक तरुण मुलगी हसून चौदा गुण देते! पुढच्या वेळी वीस मिळाले तेव्हा मी प्रगती केल्यासारखा घरी आलो.

गुण वाढवायचे तर अभ्यास वाढवायला हवा. बुधवारी ठरावीक मालावर पाचपट पॉइंट असत. मी बुधवार पाळू लागलो. आमच्या घरी पूर्वी उपासाचा शुक्रवारही इतक्या निष्ठेने कुणी पाळला नसेल. पाचपट आहेत म्हणून फरशी पुसायचं औषध आणलं, मग दुसऱ्या वासाचं आणलं. ओट्स आणले, जे घरात कुणी खात नाही. आणि एका बुधवारी केळी आणली. प्लास्टिकच्या जाळीत बसवलेली, वर चिकटपट्टी लावलेली वेलची केळी. पडवीत पाऊल टाकलं तर बायको आमच्याच वाडीतला घड सुतळीने आढ्याला टांगत होती.

तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली, घड पाहिला आणि विचारलं, “किती पडली?”

“सतरा पॉइंट मिळाले,” मी म्हणालो.

वसईत बाहेरून केळी विकत आणणारा मी पहिलाच नसेन. आता वाड्याच कमी उरल्यात, बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, बुजवून वर इमारती उभ्या राहिल्यात, ते दुःख वेगळं. पण स्वतःच्या घरात घड लोंबत असताना आणणारा बहुधा मीच. तो घड वटवाघळांनी खाल्ला. त्यांना पॉइंटची काही पडलेली नव्हती.

तरी माझी गती कमी होती. दोन म्हाताऱ्या माणसांचं घर खाऊन खाऊन खाणार किती? तेव्हा मला ती युक्ती सुचली. बिल कुणाचंही असो, काउंटरवर सांगितलेल्या नंबरावर पॉइंट जमा होतात. गावात पुष्कळ लोक असे, की ज्यांना नंबर द्यायचा नसतो किंवा पाठ नसतो. मी रविवारच्या मिस्सानंतर सेंट थॉमस चर्चच्या आवारात लोकांना गाठू लागलो. सोळाव्या शतकापासून या आवारात पुष्कळ उपदेश झाला असेल, पण “तिकडे गेलात तर माझा नंबर सांगा” हा प्रचार बहुधा प्रथमच होत होता. माणसं भली. माजी विद्यार्थी तर पुष्कळच. “सर, तुमचाच सांगू की,” म्हणाले. माझा नंबर पाठ करायला कुणालाच जड गेलं नाही, तो त्यांनी रांगेत ऐकला होताच.

डिसेंबर आला तशी लाट आली. नाताळचा मैदा, रवा, साखर, अंडी, नेवऱ्यांचं सारण, फुग्यांच्या पिठासाठी यीस्ट, घरच्या वाइनसाठी काळ्या मनुका, अर्ध्या सांडोरची खरेदी माझ्या नावावर चढू लागली. टिंग, टिंग, टिंग. रात्री उशाशी मोबाइल ठेवून मी झोपायचो. याच महिन्यात मी ‘सिल्व्हर’ झालो.

जानेवारीत आमच्या मुलीने मोबाइलमध्ये त्या दुकानाचं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात ‘माझी खरेदी’ असा एक कप्पा असतो हे मला माहीत नव्हतं. बायकोला तो लगेच सापडला.

“हेअर डाय कुणासाठी?” तिने विचारलं. “डोक्यावर केस आहेत का?”

मी समजावू लागलो, तोवर ती पुढे सरकली होती. लहान बाळाची लंगोटं, मोठा पॅक. मांजराचं खाणं, आमच्याकडे मांजर नाही. साखरेऐवजी घालायच्या गोळ्या, आणि त्याच दिवशी दहा किलो साखर. गोरेपणाचं क्रीम. काळ्या मनुका इतक्या, की आम्ही भट्टी लावली असावी. तिने सगळी यादी शांतपणे वाचली. “म्हणजे तुमचं दुसरं घर आहे,” ती म्हणाली, “आणि तिथे बाळ आहे, मांजर आहे, आणि डायबेटिसवाली बाई आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त खर्च करता.”

कॉम्प्युटरचाही तसाच समज झाला होता. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला संदेश येऊ लागले: ‘अभिनंदन! तुमच्या छोट्या पाहुण्यासाठी खास ऑफर.’ लंगोटाचा आकार महिन्यागणिक वाढत गेला. दुकान ते बाळ माझ्यादेखत मोठं करत होतं. ते कुणाचं आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या घरातल्या हेअर डायचंही मला ठाऊक झालं असल्याने मी बोलत नाही.

यात हसण्यासारखं आहे तसं ताडून पाहण्यासारखंही आहे. ब्रिटनमधल्या टेस्कोने 1995 मध्ये क्लबकार्ड आणलं. त्याआधी थोड्या दुकानांत करून पाहिलेल्या प्रयोगाचे आकडे अध्यक्ष इयान मॅक्लॉरिन यांच्यापुढे ठेवले गेले, तेव्हा ते हबकलेच: तीस वर्षं धंद्यात राहून गिऱ्हाइकाबद्दल मला कळलं नाही ते यांना तीन महिन्यांत कळलं, अशा अर्थाचं ते बोलले. अमेरिकेत टार्गेट नावाची साखळी खरेदीच्या यादीवरून कोणती बाई गरोदर असावी हे ओळखू पाहत होती, ते 2012 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. म्हणजे आपण पाव टक्क्यासाठी पॉइंट मोजत बसतो, आणि खरा माल समोरून पलीकडे जातो तो आपल्या घरातला. माझ्या बाबतीत एवढंच झालं, की मी पलीकडे अख्ख्या आळीचं घर पाठवलं आणि खाली सही माझी केली.

पॉइंटांची बेरीज मोठी झाली तेव्हा बायको म्हणाली, “आता त्यांचं आणा तरी काहीतरी. तवा खरवडला आहे.” नॉन-स्टिक तव्यावर माझाही डोळा होता. गेलो. तवा घेतला, सोबत तेल, डाळ, तांदूळ घेतले, फिनेलची बाटली घेतली, आणि काउंटरवर छाती काढून म्हणालो, “पॉइंट वापरायचे आहेत.”

“ओटीपी येईल सर.”

दुकान तळघरात आहे. तिथे नेटवर्क पोचत नाही. मुलगी म्हणाली, वर जिन्यापाशी गेलात तर येईल. जिन्यापाशी सुरक्षा रक्षक. त्याने विचारलं, बिल? मी म्हणालो, बिल व्हायचंय, त्यासाठी ओटीपी हवाय, ओटीपीसाठी वर जायचंय. तो म्हणाला, बिलाशिवाय वर सोडत नाही, तवा हातात आहे. तवा खरंच हातात होता. तो ठेवायला परत आलो तर रांगेतला माझा नंबर गेला होता. पुन्हा उभा राहिलो, तवा काउंटरवर ठेवला, वर धावलो, ओटीपी आला, खाली धावलो, तोवर त्याची मुदत संपली.

शेवटी रक्षकालाच दया आली. “द्या सर मोबाइल, मी वर उभा राहून वाचतो.” दिला. थोड्या वेळाने जिन्यावरून आवाज आला, “सर, लॉक झाला! पासवर्ड काय?” मी खालून पासवर्ड सांगितला. मग त्याने वरून सहा आकडे एकेक करून ओरडून सांगितले आणि रांगेतल्या मंडळींनी ते मुलीपर्यंत पोचवले. त्या दुपारी त्या तळघरात माझी जन्मतारीख, लग्नाची तारीख, मोबाइलचा पासवर्ड आणि ओटीपी ठाऊक नसलेला माणूस उरला नसेल.

ओटीपी लागला. मग मुलीने सांगितलं की पॉइंट तेल, साखर, तांदूळ, पीठ आणि डाळींवर चालत नाहीत. ठीक. तव्यावर? तवा ऑफरमध्ये आहे, ऑफरच्या मालावरही नाही. मग राहिलं काय? फिनेल. आणि पॉइंट? ते फार नव्हतेच, कारण डिसेंबरची जत्रा सगळी 31 मार्चला ‘लॅप्स’ झाली होती. तसा संदेश आला होता म्हणे. आला असेलही, बाळाच्या लंगोटांच्या गर्दीत मी वाचला नसेन.

फिनेलच्या बाटलीवर मला एकोणीस रुपये सूट मिळाली. रिक्षाला त्याहून जास्त गेले. तवा रोखीने घेतला. त्यावर पॉइंट मिळाले नाहीत, तो ऑफरमध्ये होता.

अशा वेळी मला वडील आठवतात. ते मुंबईला नोकरीला होते. त्यांचा ‘अपना बाजार’वर फार जीव. 1948 साली कामगारांनी नायगावला सुरू केलेलं ते सहकारी भांडार. नायगाव म्हणजे दादरजवळचं, आपल्या वसई रोडच्या अलीकडचं नव्हे. त्या कल्पनेचं मूळ इंग्लंडातल्या रॉचडेल गावचं. 1844 मध्ये तिथल्या विणकरांनी स्वतःचं दुकान काढलं आणि शिल्लक राहिलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांत वाटायचं ठरवलं. आजच्या पॉइंटांचे आजोबा म्हणावेत ते हे. फरक एवढाच, की तिथे गिऱ्हाईक दुकानाचा मालक होता, नफा किती हे त्याला वार्षिक सभेत कळायचं, आणि नाही पटलं तर उभं राहून भांडता यायचं. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचीही तीच जात: शेजारची घरं मिळून याद्या करायच्या, एकत्र माल आणायचा, कुणाच्या तरी घरात वाटून घ्यायचा. अशा ठिकाणी सभासदाला कुणी सिल्व्हर म्हणत नाही. सतरंजी झटकायला मात्र सांगतात.

आणि खासगी दुकानदारांत सगळेच हा खेळ खेळतात असंही नाही. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढणाऱ्या डी-मार्टने पॉइंटांच्या भानगडीत न पडता भाव खाली ठेवायचं धोरण धरलं, तरी तिथे ट्रॉलीला ट्रॉली लागते. उलट पॉइंटांची पाकिटं बाळगणारे आम्ही. माझ्या पाकिटात अजून पेबॅकचं जुनं कार्ड आहे, तिथेही चार पॉइंटांचा एकच रुपया व्हायचा. ते मी बिग बझारमध्ये दाखवायचो. बिग बझारची दुकानं 2022 मध्ये बंद झाली.

माझा हिशेब आता साधा आहे. पाव टक्क्यासाठी नंबर देणं हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि पापडीच्या बाजारात मिरच्यांसोबत फुकट मिळणारी कोथिंबीर त्याहून महाग आहे. दुकानदाराने बिलासाठी गिऱ्हाइकाकडे मोबाइल नंबरचा हट्ट धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये बजावलेलं आहे. कुणी अडवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. हे चार आकडे पाठ करा. सांडोरच्या वाचकांना वेगळी विनंती: काउंटरवर नंबर विचारला तर नाही म्हणा, आणि म्हणवत नसेल तर स्वतःचा द्या. माझा देऊ नका. गेल्या आठवड्यात कुणीतरी माझ्या नंबरावर दाढीचं सामान आणि लिपस्टिक एकाच बिलात घेतली आहे, आणि बायकोला अ‍ॅप उघडता येतं.