जपानची काळजी, अनसिंगचा चहा

अनसिंग गावच्या स्टँडवर परवा एक पोट्टा लालबुंद झाला होता. कारण? ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या गेममध्ये आफ्रिकी यासुकेला सामुराई दाखवलंय. “संस्कृती बुडवली ना बे!” कोणाची, ते त्यानं सांगितलं नाही. यासुके सोळाव्या शतकात जपानी सरदार ओडा नोबुनागाच्या पदरी खरोखरच होता, हेही ऐकून घेतलं नाही. गेम मार्च २०२५ चा. याच्या फुटक्या मोबाइलवर तो चालतही नाही.

बीजीएमआय या मोबाइल गेमनं २०२१ मध्ये रक्त हिरवं केलं, तेव्हा हा निमूट हिरव्या रक्ताची माणसं मारत बसला होता. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असून बाजारात त्याहून कमी मिळाला. तेव्हाही गप्पच.

चहावाला म्हणाला, “जपानचं आटोपलं असंल तं मागच्या चार कटिंगचे पैसे दे.”